कुणी मेल्याशिवाय रडणार नाही

माझा नवरा एसेनकुल हा या देशात सगळ्यात जास्त ऐकला जाणारा संगीतकार आहे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की हवामानाच्या आधी अकरा सेकंदांची एक धून वाजते. ती त्याची. सव्वीस वर्षं झाली, सरकारं बदलली, निवेदिका बदलल्या, धून तीच. लग्नाला गेलं की यजमान त्याचा दंड धरून पाहुण्यांपुढे नेतात आणि म्हणतात, "हे आमचे हवामानवाले." बाबा, तू आणखी काय केलंस, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की परवा गवत कापायला काढू का?

एका वसंतात इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर जर्दाळू ऐन फुलात असताना थंडी पडली आणि सगळा मोहर जळाला. त्या वर्षी त्याच्या चुलतभावानं त्याला घरात घेतलं, चहा दिला, पण हात मिळवला नाही. म्हणाला, "तुझं ते टुंगटुंग वाजलं आणि माझी बाग गेली." एसेनकुल निमूटपणे चहा प्यायला आणि वर सॉरी म्हणून आला. असा माणूस आहे.

मी बुरुल. बिश्केकच्या फिल्म स्टुडिओत आवाजाची जोडणी करते. चित्रपटाचा आवाज कापायचा, सांधायचा, मध्येच कुणी खोकलं असेल तर तो खोकला काढून टाकायचा, हे माझं काम. पस्तीस वर्षांत नवऱ्याचं जेवढं संगीत मी कापलं, तेवढे कांदेसुद्धा कापले नसतील. त्याच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, ती मी घेत नाही. नवऱ्याचं घेते, कारण स्टुडिओत सगळेच घेतात, आणि बहुतेक ओरडूनच घेतात.

चित्रपटाला संगीत देणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तसं नसतं. दिग्दर्शक येतो, खुर्चीत बसतो आणि बाइके, म्हणजे दादा, अशी हाक मारून म्हणतो, "एसेन बाइके, इथे मला घोड्याच्या घामाचा वास ऐकू आला पाहिजे." नवरा मान डोलावतो आणि लिहायला बसतो. कालव्यावरच्या एका माहितीपटाला त्यानं फार मन लावून संगीत दिलं होतं. समितीनं ते ऐकलं आणि शेरा मारला, की पाणी दुःखी वाटतं. पाण्यावरून ते संगीत काढून टाकलं. तेच संगीत पुढे दुधाच्या कारखान्याला लावलं, ते चाललं. तिथून ते प्रसूतिगृहावरच्या चित्रपटात गेलं, तिथेही चाललं. बाहुल्यांच्या नाटकातल्या अस्वलासाठी त्यानं सात गाणी केली. त्यातलं एक अजून शाळांमध्ये म्हणतात, आणि ते अस्वलाचंच आहे असं सगळ्यांना वाटतं.

सोव्हिएत राज्य गेल्यावर चित्रपट थांबले. स्टुडिओच्या छपरात कबुतरं राहायला आली आणि आमचे हवामानवाले जाहिरातींकडे वळले. रस्त्यावर पिंपातून विकतात त्या मक्सिम नावाच्या आंबट पेयाची धून, टाइल्सच्या दुकानाची धून. एका निवडणुकीत त्यानं दोन उमेदवारांना गाणी करून दिली, चाल एकच, शब्द वेगळे. त्याला वाटलं, एक उमेदवार डोंगरात फिरतो, दुसरा खाली, कोण कशाला एकत्र येतंय. शेवटच्या दिवशी दोघं एकाच चौकात आले. दोन कर्ण्यांतून एकच चाल, एक थोडी पुढे, एक थोडी मागे. माणसं नाचायला लागली. दोघेही पडले, आणि एसेनकुल म्हणाला, "पण त्या चौकात कॅनन किती छान जमला होता, ऐकलंस ना?"

आता मुद्द्यावर येते. तो बासष्टचा झाला तेव्हा बाकाई नावाचा एक तरुण दिग्दर्शक आमच्याकडे आला. डोंगरातल्या एका विधवेची गोष्ट होती, परदेशातून मदत मिळालेली, महोत्सवात जाणार अशी. माझ्या नवऱ्याचे डोळे असे चमकले की मी पाहायचंच टाळलं. हा शेवटचा गाडा आहे, हे त्याला कळत होतं. यात चढला तर हवामानापलीकडे काहीतरी नाव राहील, नाही तर अकरा सेकंद.

त्यानं त्या विधवेसाठी व्हायोलिनांचा विलाप लिहिला. बाकाईनं सोमवारी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "बाइके, रागावू नका. पण हे ऐकलं की उद्या ढगाळ राहील असं वाटतं." मग म्हणाला, की मला खरा कोशोक पाहिजे. माणूस गेल्यावर घरातली बाई भिंतीकडे तोंड करून गात गात रडते ना, तो. त्याच दिवशी नाटकातली एक नटी आणून म्हणवून पाहिला. तिचं रडणं काजळापर्यंत येऊन थांबत होतं. बाकाई म्हणाला, "शनिवारी आवाजाची अखेरची जुळणी आहे. तोवर मिळालं तर तुमचं. नाही तर एकजण कॉम्प्युटरवर करून देणार आहे."

तीन खोऱ्यांत कोशोक म्हणावा तर एकाच बाईनं, ती म्हणजे एसेनकुलची आत्या. तिला मूल नव्हतं, म्हणून हा जन्मला तसा भावानं उचलून तिच्या पदरात घातला. तो तिला आपा, म्हणजे आई, म्हणतो, म्हणून मीही. वय सत्त्याऐंशी, दात चार, आवाज पूर्ण. आम्ही स्टुडिओचा टेपरेकॉर्डर घेतला, त्याची ती जन्माची कागदांची तपकिरी पेटी घेतली आणि मंगळवारी संध्याकाळी सरोवराकाठच्या गावात उतरलो.

आपानं गोष्ट ऐकून घेतली, कणकेचे तळलेले बोरसोक पुढे केले आणि म्हणाली, "नाही."

"आपा, चित्रपटासाठी आहे."

"चित्रपटात कुणी मेलंय?"

"म्हणजे, गोष्टीत नवरा मेलाय."

"तो नट जिवंत आहे ना? जेवतोय ना? मग मी कुणाला रडू? मढं नसताना रडलं की मढं घरात येतं. माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. कुणी मेल्याशिवाय मी रडणार नाही. साखर घे चहात."

एसेनकुलनं गयावया केली, मी स्टुडिओची भाषा वापरून पाहिली, आपानं आम्हा दोघांना झोपायला पाठवलं.

मग माझ्या नवऱ्याच्या डोक्यात जे आलं, ते मला सांगायला लाज वाटते. समोरच्या घरात ओरोझ अबा म्हणून एक म्हातारे होते. पाच वर्षं मरायला टेकलेले. बुधवारी सकाळी एसेनकुल मिठाईचा पुडा घेऊन त्यांना भेटायला गेला.

"अबा, कसं वाटतंय?"

"काही खरं नाही, पोरा. रात्र निघते की नाही असं झालंय."

"अरेरे," माझा नवरा म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला. मी स्वतः पाहिला.

दुपारी तो मध घेऊन गेला. संध्याकाळी सूप घेऊन गेला. म्हाताऱ्याच्या मुलांनी वर्षभरात बापाची जितकी विचारपूस केली नसेल, तितकी यानं एका दिवसात केली. परिणाम व्हायचा तोच झाला. गुरुवारी सकाळी ओरोझ अबा उठून बसले, दुपारी काठी टेकत कुंपणापर्यंत आले, आणि एसेनकुल दिसताच म्हणाले, "लपवू नकोस. मी बरा दिसलो की तुझं तोंड पडतं. माझ्यासाठी थांबलायस ना?"

त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "हो, अबा. माफ करा."

म्हातारा रागावेल असं मला वाटलं. तो उलट खूश झाला. कुंपणावरून त्यानं आपाला हाक मारली, "ए बाई! शहरातनं मशीन आलंय माझ्यासाठी. माझ्यावर काय म्हणणार आहेस ते आत्ताच म्हण की! मेल्यावर मला काय ऐकू येणार?"

"आधी मर," आपा गाईचं दूध काढता काढता म्हणाली. "मग बघू तुझ्यात सांगण्यासारखं काय आहे ते."

"घोड्याचं घाल त्यात. मी शर्यत मारली होती."

"दुसरा आला होतास."

"पहिल्याचा घोडा मोठा होता!"

"ते पण घालीन."

शुक्रवार उजाडला. बिश्केकची गाडी दुपारी चारला सुटायची, ती चुकली की शनिवार गेला. एसेनकुल चहापुढे बसला होता, पण पीत नव्हता. आपानं त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पेटीकडे.

"त्या पेटीत काय आहे? दर वेळी आणतोस आणि न उघडता घेऊन जातोस."

पेटीत त्याची सिंफनी होती. एकविसाव्या वर्षी लिहिलेली, चार भागांची, सत्तर वाद्यांची, हातानं लिहिलेली एकच प्रत. कुठल्याच वाद्यवृंदानं ती वाजवली नव्हती. प्रत्येक चित्रपटात तो तिचा एखादा तुकडा हळूच घालून बघायचा आणि प्रत्येक दिग्दर्शक तो काढून टाकायचा. त्यातले निम्मे मीच कापलेत. बाकाईला ऐकवलेला व्हायोलिनांचा विलापही तिचाच दुसरा भाग होता.

"काही नाही, आपा," एसेनकुल म्हणाला. "जुनी गोष्ट आहे. मेली ती."

तो आपला बोलायचं म्हणून बोलला. पण आपानं पेला खाली ठेवला.

"कधी?"

"सोमवारी. बाकाईनं ऐकली तेव्हा."

"सोमवारी मेली, आज शुक्रवार. पाच दिवस मयत घरात ठेवून तू समोरच्याला मध पाजत फिरतोस? लाज नाही वाटत?" मग तिनं विचारलं, "वय काय होतं?"

"एक्केचाळीस."

"लग्न?"

एसेनकुल गडबडला. माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "नाही झालं, आपा. मागणी घालायला आले पुष्कळ, पण घेतली कुणी नाही."

"अरे माझ्या लेकरा," आपा म्हणाली. हे पेटीला म्हणाली की त्याला, मला कळलं नाही. तिनं डोक्याचं फडकं नीट केलं, दाराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसली, दोन्ही हात कमरेवर ठेवले. मी टेपरेकॉर्डरकडे झेपावले. आधी ती सांगितल्यासारखं बोलत होती, मग कधी आवाज चढला ते कळलंच नाही.

"पाळण्यात नाही गं निजवली, पेटीत तुला निजवली,
एक्केचाळीस हिवाळे गेले, उन्हात नाही बसवली.
सत्तर भाऊ होते तुझे, एकालाही नाही भेटलीस,
बापाच्या हातचा दिवा होतीस, झाकणाखाली विझलीस."

मला आधी हसू येत होतं. कानाला हेडफोन लावून, गाल आतून चावत मी आवाजाचा काटा सांभाळत होते. कोशोकमध्ये ज्याला त्याला चार शब्द ऐकवायची मुभा असते, ती आपानं पुरेपूर घेतली. समित्या झाल्या, दिग्दर्शक झाले. आणि मग हे आलं:

"घरात होतं एक माणूस, दोन कान होते त्याला,
साऱ्या जगाचं खोकणं-शिंकणं त्या कानांनी ऐकलं,
तुला एकदाच ऐकलं, लेकी, तुला एकदाच ऐकलं."

माझं हसू तिथेच संपलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात एक उसना पियानो होता. त्यावर त्यानं मला ती सगळी वाजवून दाखवली होती, चाळीस मिनिटं. चुलीवर बटाटे करपत होते, सकाळी मला कामावर जायचं होतं. तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "लांब आहे." एवढंच. त्यानं पियानोचं झाकण लावलं आणि पुन्हा कधी वाजवली नाही. मी हे विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. आणि आपाला केव्हातरी सांगून ठेवलं होतं, तक्रार म्हणून नाही, तसा तो नाहीच, पण सांगितलं होतं. मला रडू फुटलं आणि तेही टेपवर आलं. ते मी पुढे कापलं नाही.

एवढ्यात बाहेरून पुरुषांचा हंबरडा ऐकू आला. साहजिकच होतं. आपाच्या घरातून कोशोक ऐकू येतो म्हटल्यावर गाव काय करणार? कुणी हातातलं फावडं टाकून, कुणी घोड्यावरून, "भावा रे, काळजा रे" करत अंगणात शिरले. आणि माझा नवरा! लहानपणापासून अंगात मुरलेलं. लोक रडत आले की घरच्या पुरुषानं दाराशी काठी टेकून वाकून रडत उभं राहायचं. तो उठला, आपाची काठी घेतली, दाराशी गेला आणि मोठ्यानं रडायला लागला. संपलं. आता हे मयताचं घर झालं. दाराशी माणूस रडत उभा राहिल्यावर, "अहो, तसं काही नाही," म्हणून लोकांना माघारी पाठवता येत नाही. आपानं गाणं न थांबवता शेजारच्या सुनेला खूण केली की मेंढी कापायला घ्या.

सगळ्यात शेवटी ओरोझ अबा आले, दोन मुलांच्या खांद्यावर, संतापलेले. "कोण गेलं? माझ्या आधी कोण गेलं?"

आपानं शेवटची ओळ पुरी केली, डोळे पुसले आणि बाहेर आली. "माझ्या पोराची लेक होती. पेटीत होती, कागदावर. गेली."

लोकांनी पेटीकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. एक-दोघांनी ओठ दाबले, पण एसेनकुलचा चेहरा पाहून तेही थांबले. चुलतभाऊ पुढे झाला, तोच जर्दाळूवाला, आणि त्यानं हात मिळवला. मुल्ला म्हणाले, "कागदासाठी जनाज्याची नमाज होत नाही, आणि मी काही पाहिलं नाही," आणि मटण शिजत होतं त्या बाजूला जाऊन बसले.

टेप हातात घेऊन मी एसेनकुलला म्हणाले, "झालं तुझं काम. चार वाजत आलेत, चल." ती टेप आज त्या चित्रपटात आहे, पुरुषांच्या हंबरड्यासकट, अडीच मिनिटं. बाकाई ऐकताना खुर्चीतून उठून उभा राहिला होता. संगीतकार म्हणून त्यावर आपाचं नाव आहे. एसेनकुलनं स्वतःचं घालू दिलं नाही, त्यावरून आमचं आठवडाभर भांडण झालं.

शेवटी चुलतभावानं रात्रभर ट्रक हाकून आम्हाला शनिवारी पोचवलं, पण त्या दिवशी चारची गाडी काही मिळाली नाही, कारण आपा वाटेत उभी राहिली.

"मी उगीच रडले का? रडलं की पुरायचं. न पुरता घेऊन गेलास तर ती गावभर फिरेल, आणि पहिला हा ओरोझ जाईल."

"मी आता मुळीच जाणार नाही," ओरोझ अबा म्हणाले.

एसेनकुल माझ्याकडे वळला. मी कानात म्हटलं, "एकच प्रत आहे. थोडीफार पानं वरून काढून ठेव, कुणाला कळतंय." त्यानं नाही म्हणून मान हलवली. तोपर्यंत गोठ्यामागे खड्डा खणून झाला होता आणि तो आडवा हवा की उभा यावरून दोन माणसांचं भांडणही झालं होतं. पेटी सतरंजीत गुंडाळून अंगणात ठेवली. पुरुष तिच्या मागे रांगेत उभे राहिले. आम्ही बायका दारात, कारण आम्ही खड्ड्यापर्यंत जात नाही आणि या वेळी बोलतही नाही.

उचलण्याआधी आमच्यात एक विचारणा असते. मुल्ला जेवत होते, म्हणून ती वयानं मोठे असलेल्या ओरोझ अबांनी केली. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "लोकहो, ही कशी होती?"

यावर सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं असतं, चांगली होती. चोर मेला तरी म्हणतात, कारण चोराला निदान ओळखत तरी असतात. पण हिला त्या अंगणात कुणी ऐकलंच नव्हतं, आणि मयताबद्दल खोटी साक्ष कुणी देत नाही. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. चुलतभावानं टोपी सारखी केली. एसेनकुल काठी टेकून, खाली मान घालून उभा होता. तिला त्या गावात फक्त एका माणसानं ऐकलं होतं, आणि ते माणूस दारात उभं राहून गप्प होतं.

"चांगली होती!" मी ओरडले.

सगळी डोकी वळली. आपानं माझा हात दाबला की चिमटा काढला, आठवत नाही. एसेनकुलनं मान वर केली आणि एवढ्या माणसांदेखत विचारलं, "लांब नव्हती?"

"लांब होती," मी म्हणाले. "पण चांगली होती. दुसरा भाग तर फारच चांगला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ओरोझ अबांनी रिवाजाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, "कशी होती?" आणि सगळं अंगण म्हणालं, "चांगली होती." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर एसेनकुलही म्हणाला.